उत्तर माहीत नसलेला प्रश्न

मराठी शाळांमध्ये रोज लिहिलं जाणारं आणि जवळजवळ कुणीच न वाचणारं एक लेखन असतं. त्याला टाचण म्हणतात. दिनांक, इयत्ता, तुकडी, तासिका, घटक, उपघटक, उद्दिष्टं, अध्ययन अनुभव, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन, स्वाध्याय असे त्यात रकाने असतात. खाली शिक्षकाची सही आणि तिच्याखाली मुख्याध्यापकांची. ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात वर्षानुवर्षं ‘खडू, फळा, पाठ्यपुस्तक’ एवढंच असतं. उद्या पस्तीस-चाळीस मिनिटांत वर्गात काय होणार आहे, ते आज लिहून ठेवायचं, हा त्यामागचा विचार. गणिताच्या किंवा विज्ञानाच्या तासाला हे ठीक वाटतं. कवितेच्या तासाचं काय? पंधरा वर्षांच्या मुलाला एखादी कविता वाचून उद्या काय वाटेल, हे आज लिहिता येईल का? आणि लिहिता आलं, तरी लिहावं का? पहिला प्रश्न शिक्षणशास्त्राचा आहे. दुसरा नीतीचा आहे, आणि या लेखात मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

मी शिक्षक नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, सहा वर्षं कोड लिहितो आहे. या विषयाशी माझा संबंध आला तो माझ्या मावसबहिणीमुळे. ताई सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये नववी-दहावीला मराठी शिकवते. गेल्या वर्षी शाळा सुरू होण्याच्या सुमारास ती मला म्हणाली, “तुम्ही सगळ्या जगाची कामं मशिनीला लावता, माझी टाचणं पण लाव की.” काम सोपं होतं. दहावीचं ‘कुमारभारती’ 2018 सालचं, पाठ ठरलेले, रकाने ठरलेले. हल्लीचं कुठलंही एआयचं साधन वर्षभराची टाचणं तासाभरात काढून देईल. नमुन्यासाठी मी ताईच्या जुन्या वह्या मागवल्या आणि वाचत बसलो. त्या वाचताना जे प्रश्न पडले, ते मशिनीपेक्षा बरेच जुने निघाले.

आमच्या धंद्यात कोड लिहिण्याच्या आधी त्याची चाचणी लिहायची एक पद्धत आहे. अमुक इनपुट दिलं की तमुक आउटपुट आलं पाहिजे, हे आधी नक्की करायचं. मग ते येईपर्यंत कोड लिहायचा. टाचणाची बांधणी हुबेहूब अशीच असते, हे पाहून मला गंमत वाटली. यात योगायोग फारसा नाही. बेंजामिन ब्लूम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1956 साली शैक्षणिक उद्दिष्टांचं वर्गीकरण मांडलं, ते मुळात परीक्षा घेणाऱ्यांच्या सोयीसाठी होतं. काय मोजायचं ते आधी ठरलं पाहिजे, असा त्याचा रोख. त्यातूनच आपल्या बी.एड.च्या पाठांत ज्ञान, आकलन, उपयोजन ही शिडी आली. 1964 साली त्याच मंडळींनी भावनांच्या क्षेत्राचं वर्गीकरण केलं आणि उद्दिष्टांच्या यादीत अभिरुची, अभिवृत्ती, रसग्रहण यांनाही जागा मिळाली. म्हणजे मुलाला काय कळलं पाहिजे याच्या शेजारच्याच ओळीत, त्याला काय आवडलं पाहिजे हेही लिहिता येऊ लागलं.

ताईच्या एका वहीत नीरजा यांच्या ‘आश्वासक चित्र’ या कवितेचं टाचण होतं. ज्यांनी कविता वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खिडकीतून कुणीतरी बाहेर बघतं आहे. एक लहान मुलगी भातुकली खेळते आहे, शेजारी एक मुलगा चेंडू उडवतो आहे. मुलगी चेंडू मागते, मुलगा तिला हिणवतो, ती चेंडू उंच उडवून दाखवते. मग ती त्याला भातुकलीचा स्वयंपाक करायला बोलावते आणि तो बसतो. बघणाऱ्या व्यक्तीला त्यात उद्याच्या काळाचं आश्वासन दिसतं. टाचणात उद्दिष्टाच्या रकान्यात लिहिलं होतं : ‘विद्यार्थ्यांमध्ये स्त्री-पुरुष समानतेचे मूल्य रुजवणे.’

यात चूक काय आहे? उद्दिष्ट चांगलं आहे. कविता त्याच दिशेची आहे. तरी ते वाक्य वाचताना मला अडखळायला झालं. का, ते कळण्यासाठी पुढच्या रकान्याकडे, म्हणजे प्रस्तावनेकडे बघावं लागेल.

ज्यांच्या वर्गावर बी.एड.चे विद्यार्थी पाठ घ्यायला आले असतील, त्यांना प्रस्तावना आठवत असेल. नवीन सर किंवा मॅडम येतात, मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसलेले असतात. तीन-चार सोपे प्रश्न विचारले जातात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं आजच्या पाठाचा विषय निघतं. मग फळ्यावर शीर्षक आणि हेतुकथन : तर मुलांनो, आज आपण अमुक अभ्यासणार आहोत. या रचनेचं मूळ जर्मन विचारवंत योहान हर्बार्ट (1776–1841) याच्यापर्यंत जातं. त्याने चार पायऱ्या सांगितल्या होत्या. त्याच्या अनुयायांनी त्यांच्या पाच केल्या आणि त्या जगभरच्या अध्यापक विद्यालयांत पोहोचल्या. हर्बार्टचा मूळ विचार समंजस होता. नवं ज्ञान जुन्या ज्ञानाला जोडलं गेलं तरच टिकतं, म्हणून मुलाला जे माहीत आहे तिथून सुरुवात करावी. पण पायऱ्यांचा साचा झाला की काय होतं, ते ताईच्या टाचणात दिसत होतं. घरी स्वयंपाक कोण करतं? आई. घराबाहेरची कामं कोण करतं? बाबा. मुलगा आणि मुलगी यांत भेद करावा का? अपेक्षित उत्तर : नाही.

आणि वर्गातून एका सुरात ‘नाही’ येतंच. मी स्वतः अशा वर्गात बसलो आहे, अशी ‘नाही’ मीही दिलेली आहे. साठ मुलांच्या त्या ‘नाही’मध्ये कुणाचं मत नसतं. बाईंना काय हवं आहे, ते ओळखल्याचा तो आवाज असतो. तास संपतो, शाळा सुटते, मुलगे मैदानावर जातात आणि मुली घरी जाऊन कणीक मळतात. समानतेचं मूल्य रुजल्याची नोंद टाचणात झालेली असते.

इथे प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादाची आठवण येते. सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाला बोलावतो आणि जमिनीवर चौरस काढून विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती घ्यायची? मुलगा आधी दुप्पट बाजू सांगतो, मग दीडपट, दोन्ही वेळा चुकतो. शेवटी प्रश्नांच्या आधाराने तो कर्णापर्यंत पोहोचतो. सॉक्रेटिसला उत्तर आधीपासून माहीत होतं. प्रश्न सूचक होते. मग तो आणि प्रस्तावनेचे प्रश्न विचारणारा शिक्षक, यांत फरक काय?

माझ्या मते फरक असा. कर्णावरचा चौरस दुप्पट आहे की नाही, हे तो मुलगा स्वतः मोजून बघू शकतो. सॉक्रेटिस खोटं बोलत असता तर ते जमिनीवरच्या रेघांत उघडं पडलं असतं. उत्तराचा मालक सॉक्रेटिस नाही, आकृती आहे. ‘भेद करावा का’ या प्रश्नाचं तसं नाही. तिथे मुलाला पडताळून पाहायला काहीच दिलेलं नाही. त्याच्यासमोर फक्त बाईंचा चेहरा आहे. तो चेहरा वाचून त्याने उत्तर द्यायचं आहे. म्हणजे प्रश्न मताचा आहे असं भासवायचं, आणि मत मात्र आधीच रकान्यात लिहून ठेवायचं. याला मी खोटा प्रश्न म्हणतो. खोटं उत्तर देणं आपण अनैतिक मानतो. खोटा प्रश्न विचारण्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. खरं तर तो जास्त खोल जातो. दहा वर्षं रोज खोटे प्रश्न ऐकलेलं मूल पुढे नोकरीला लागतं, मीटिंगमध्ये ‘कुणाला काही शंका?’ असं विचारलं जातं, आणि तिथेही ते अपेक्षित शांतता बरोबर ओळखतं.

हे सगळं मी ताईला फोनवर बोलून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “झालं तुझं? आता माझं ऐक. प्रश्न मोकळा सोडला की वर्गात कोण बोलतं, माहितीये? ज्याच्या घरी पेपर येतो तो. ज्याची आई शिक्षिका आहे ती. बाकीची पन्नास पोरं खाली बघतात. मी सोपे प्रश्न ठरवून जाते, कारण सोप्या प्रश्नाला मागच्या बाकावरचा पण हात वर करतो. आणि संदेश तीन ओळींत लिहून देते, कारण त्या तीन ओळींवर त्याला मार्क मिळतात. त्या मार्कांवर त्याला तालुक्याला अकरावी मिळते.”

या बोलण्याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, आणि ते तितकंच खरं आहे असं मला वाटतं. नियोजनाविरुद्ध बोलणं ही बऱ्याचदा ज्यांच्या घरात पुस्तकं असतात त्यांची चैन असते. ‘कविता मुलांपर्यंत मोकळी पोहोचू द्या’ हे ऐकायला छान वाटतं. पण ज्या घरात शाळेच्या पुस्तकाखेरीज छापील अक्षर नाही, त्या मुलासाठी मोकळेपणा म्हणजे नुसता रिकामा तासही असू शकतो. शिवाय तयारी न करता वर्गावर जाणं हा मुलांचा अपमान आहे. टाचणामागची मूळ भावना आदराची आहे : उद्या हे साठ जण माझ्यासमोर बसणार आहेत, त्यांचा वेळ माझ्या लहरीवर जाऊ नये. म्हणून हा सामना नियोजन विरुद्ध स्वातंत्र्य असा नाहीच. एका बाजूला मुलाशी प्रामाणिक राहण्याचं कर्तव्य आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याला न्याय मिळवून देण्याचं. दोन्ही कर्तव्यं खरी आहेत आणि त्याच चाळीस मिनिटांत पार पाडायची आहेत.

यातून वाट काढायला मला मदत झाली ती जुन्या काव्यशास्त्राची. ‘रसग्रहण’ हा शब्द आपण दहावीच्या कृतिपत्रिकेत आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं अशा तीन मुद्द्यांत वाटून टाकला आहे. पण ज्या परंपरेतून ‘रस’ हा शब्द आला, तिने याबद्दल फार बारकाईने विचार केला होता. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त म्हटलं आहे की रस हे ‘कार्य’ नव्हे आणि ‘ज्ञाप्य’ही नव्हे. म्हणजे मडकं जसं कुंभाराने घडवावं तसा रस कुणी घडवत नाही. आणि अंधारात आधीपासून असलेलं मडकं जसं दिव्याने दाखवावं, तसा तो दाखवताही येत नाही. हे वाचल्यावर वाटलं, आपल्या टाचणाची अडचण नेमकी इथे आहे. ‘मूल्य रुजवणे’ हे कुंभाराचं काम आहे आणि ‘संदेश सांगणे’ हे दिव्याचं. कवितेच्या बाबतीत हे दोन्ही लागू पडत नाही, असं ही मंडळी हजार वर्षांपूर्वीपासून सांगत आली आहेत.

मग शिक्षकाने करायचं काय? याचं उत्तर मला अभिनवगुप्ताकडे सापडतं. भरताच्या नाट्यशास्त्रावरच्या टीकेत तो रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगतो. रस घडवता येत नसला, तरी विघ्नं दूर करता येतात. नाटकातलं संगीत, नेपथ्य, सोंगं हा सगळा खटाटोप त्यासाठीच असतो. मला वाटतं, साहित्याच्या तासाचं नियोजन म्हणजे या विघ्नांचं नियोजन असावं. आणि त्यात ठरवण्यासारखं पुष्कळ आहे. कोणते शब्द मुलांना अडतील? मुक्तछंद ऐकून ‘याला चालच नाही’ असं म्हणणाऱ्या मुलाला तो कसा ऐकवायचा? कविता पहिल्यांदा कुणी वाचायची, किती सावकाश? जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास आहे का? बाजूच्या वर्गात पाढे चालू असतात का? चुकीचं बोललं तर हसतील, ही भीती कुणाला आहे? आज कुणाला आधी बोलतं करायचं? ताईला हवा असलेला न्याय या रकान्यात बसतो. मागच्या बाकावरच्याने हात वर करावा म्हणून सोपा प्रश्न विचारणं, हे विघ्न दूर करणंच आहे. तो प्रश्न मताचा आव न आणता माहितीचा असला, की तो खोटाही राहत नाही. ‘मुलीच्या हातात आधी काय होतं?’ याचं उत्तर कवितेत आहे आणि ते कुणीही पडताळून बघू शकतं, अगदी त्या चौरसाच्या कर्णासारखं.

एका जागी मात्र माझं अभिनवगुप्ताशी पटत नाही. सात विघ्नांपैकी एक तो सांगतो ते असं : प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. माणूस आपल्या घरच्या काळज्या घेऊन बसला असेल तर त्याला रस कसा लाभणार? रंगमंदिरापुरतं हे खरं असेल. पण दहावीच्या वर्गात नेमकं उलटही घडतं. याचं उदाहरणही ताईनेच दिलं.

आमचं बोलणं झाल्यावर तिने ‘आश्वासक चित्र’चा तास जरा वेगळा घेतला. शब्द, ओळी, कोण काय करतं हे सगळं नेहमीसारखंच. पण ‘भेद करावा का’ हा प्रश्न गाळला आणि शेवटी विचारलं, “खिडकीतून बघणाऱ्याला हे चित्र आश्वासक वाटलं. तुम्हाला वाटतं का?” वर्गात फारसं कुणी बोललं नाही. ताईला वाटलं, तास फुकट गेला. पंधरवड्याने चाचणी झाली. कृतिपत्रिकेत कवितेवर मुद्द्यांच्या आधारे लिहायची एक कृती असते आणि त्यात एक मुद्दा असतो : कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण. एका मुलीने लिहिलं होतं की तिला कविता आवडली नाही. कारण त्या मुलाने केला तो स्वयंपाक भातुकलीचा आहे. खोट्या चुलीवर मुलगे स्वयंपाक करतातच, तिचा भाऊपण करायचा. खऱ्या चुलीपाशी तो बसला असता, तर चित्र आश्वासक वाटलं असतं.

ही मुलगी सकाळी घरचं करून शाळेत येते, हे ताईला ठाऊक होतं. तिचं स्वतःचं दुःख इथे कवितेच्या आड आलं नाही. त्यानेच तिला कविता नीट वाचायला लावली. चित्र आणि चूल यांतलं अंतर तिला दिसलं; ते मला दिसलं नव्हतं आणि टाचणातही नव्हतं. ‘समानतेचे मूल्य रुजवणे’ हे उद्दिष्ट गाठलं गेलं का, असं विचारलं तर काय म्हणणार? तिने कवितेला नकार दिला आणि तो समानतेच्याच बाजूने दिला. अपेक्षित आउटपुटशी ताडून पाहिलं तर हे उत्तर नापास होतं.

ताईने पूर्ण गुण दिले. पण वही परत घेताना मुलीने विचारलं, “बाई, बोर्डात असं लिहिलं तर मार्क जातील का?” पेपरात ‘वा न आवडण्याचे’ हे शब्द छापलेले आहेत, म्हणजे परवानगी आहे. मात्र मी पाहिलेल्या गाइडांत सगळ्या कवितांना ‘आवडण्याचे’ कारणच तयार करून दिलेलं आहे. नकाराचं नमुना उत्तर कुठे दिसलं नाही. पेपर तपासणारा परका माणूस या उत्तराकडे कसा बघेल, हे ताई कशी सांगणार? ती म्हणाली, “दोन्ही लिहायला शीक. आणि कोणतं उत्तर तुझं आहे ते विसरू नकोस.”

या सल्ल्यावर मी बरेच दिवस विचार करतो आहे. हा दुटप्पीपणा शिकवणं झालं का? मला तसं वाटत नाही, पण धोका तिथेच आहे हेही दिसतं. परीक्षेची भाषा ही एक भाषा आहे हे मुलाला माहीत असेल, तर ती वापरणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. सरकारी अर्जात आपण ‘विनंती’ लिहितो तसंच ते. खोटेपणा सुरू होतो तो मुलाला दुसरी भाषा असते हेच कधी कळलं नाही तेव्हा, म्हणजे बाईंचा संदेश हेच आपलं मत अशी त्याची खात्री झाली तेव्हा. वर्षाचे सगळे तास परीक्षेच्या भाषेत गेले तर हा सल्ला पोकळ ठरेल. म्हणून निदान काही मिनिटं तरी अशी हवीत की ज्यांत मुलाला आपलं उत्तर स्वतःच्या कानांनी ऐकता येईल. ही मिनिटं आपोआप मिळत नाहीत. ती ठरवूनच काढावी लागतात.

म्हणून टाचणांचं साधन बनवलं तेव्हा मी त्यात ताईला विचारून एक रकाना वाढवला : ‘ज्याचं उत्तर मला माहीत नाही असा एक प्रश्न’. बाकीचे रकाने मशीन भरतं आणि बरे भरतं. हा रकाना ते रिकामा सोडतं, आणि तो भरल्याशिवाय टाचण पुढे जात नाही. मशिनीला प्रश्न तयार करता येत नाहीत असं नाही, हवे तितके येतात. पण ‘मला माहीत नाही’ यातला ‘मला’ कुणीतरी विशिष्ट माणूस असावा लागतो, जो उद्या त्या वर्गात उभा राहणार आहे आणि मुलांची उत्तरं ऐकून ज्याला खरंच काहीतरी कळणार आहे. असा प्रश्न विचारणारा शिक्षक मुलाला त्या एका क्षणापुरतं बरोबरीचं मानतो. साहित्य शिकवण्यात एवढी नैतिकता असली तरी मला पुरेशी वाटते.

रकान्याला महिनाभर कुणी हरकत घेतली नाही. मुख्याध्यापकांची सही झालेली आहे, म्हणजे बहुधा तो अजून वाचला गेलेला नाही. ताईने त्यात लिहिलेले प्रश्न मी अधूनमधून बघतो. धामणस्करांच्या ‘वस्तू’ या कवितेच्या दिवशी तिने लिहिलं आहे : आपण वस्तूंना जपतो ते त्यांच्यासाठी, की आपल्या हाताला सवय राहावी म्हणून? एका दिवशी मात्र तिथे नुसतं ‘सुचला नाही’ असं आहे. साधनाने ते उत्तर म्हणून स्वीकारलं. मी तो नियम बदललेला नाही.